लेखक अज्ञात, वय 58

धाकट्या मावशीने परवा सकाळी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं. पाट्याला टाकी लावायला दारावर येणारी बाई, आईने तिच्या भाकरीवर घातलेली लसणाची चटणी, ठोके थांबल्यावर ओट्यावर बसलेली दगडाची पांढरी धूळ. खाली 'लेखक अज्ञात'. त्याखाली मावशीचा शेरा : "बघ गं, किती साधं लिहिलंय. तू पण असं लिहीत जा."

"मावशी, अगं ते मीच लिहिलंय."

"हो का? मग नाव का नाही घातलंस?"

घातलं होतं की. 2014 साली एका दिवाळी अंकात, शीर्षकाच्या खाली. अंक कपाटात आहे. मानधन 500 रुपये मिळालं होतं. लेखाची कॉपीराइट नोंदणी करायची तर सरकारी फीही 500च, म्हणजे हिशेब चोख! पण नोंदणी सक्तीची नाही. लेख कागदावर उतरला की हक्क आपोआप लेखकाचा होतो.

खरा राग आला तो शेवट वाचून. माझा लेख संपतो परसातल्या नळाखाली पडलेल्या पाट्यापाशी. मिक्सर आल्यावर आम्ही त्यावर धुणं आपटायला लागलो, एवढंच. फॉरवर्डमध्ये त्यापुढे कुणीतरी चार ओळी जोडल्या होत्या : आईची किंमत ती गेल्यावर कळते, वगैरे. माझी आई तेव्हा आतल्या खोलीत मालिका बघत होती.

कॉपीराइट कायद्यात यासाठी कलम 57 आहे. छापण्याचे, वाचून दाखवण्याचे हक्क लेखकाला विकता येतात. पण 'हे माझं' म्हणण्याचा आणि आपली अब्रू जाईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क बाकी सगळं विकून टाकल्यावरही लेखकाकडेच राहतो. चार गुळचट ओळींनी माझी अब्रू गेली हे कोर्टाला पटवणं कठीण. मला पटलंय.

मग भाच्याने याच लेखाचा व्हिडिओही शोधून काढला. लेख वाचणारा यंत्राचा आवाज, मागे बासरी आणि 'टाकी' शब्द आला की पडद्यावर गच्चीवरची काळी पाण्याची टाकी. (टाकी म्हणजे दगड टाचायची छिन्नी हो!)

तक्रारीचा रस्ता आहे. कॉपीराइटच्या 2013च्या नियमांप्रमाणे लेखी तक्रार रीतसर असेल तर मजकूर ठेवणाऱ्याने 36 तासांत तो बंद करायचा. मात्र पुढच्या 21 दिवसांत मी कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करायला त्याला मोकळीक. तीन पानांच्या लेखासाठी वकील कोण लावणार? म्हणून आधी चॅनेलवाल्यालाच मेल केली, नंबर दिला. संध्याकाळी त्याचा फोन. बोलणं अगदी नम्र.

"मॅडम, जुनं साहित्य फ्री असतं ना?"

असतं. लेखक गेला त्या वर्षानंतर 60 वर्षं पूर्ण झाली की. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं सगळं 1 जानेवारी 2011पासून खुलं आहे, ते वाच की, असं मी म्हटलं. पूर्वी ही मुदत 50च होती. 1991 संपताना रवींद्रनाथ ठाकुरांच्या पुस्तकांवरचे विश्वभारतीचे हक्क संपत होते, तेव्हा सरकारने दहा वर्षं वाढवली. एवढा इतिहास त्या पोराला फोनवर कशाला सांगितला, देव जाणे. शाळेत तीस वर्षं शिकवल्याचा परिणाम.

"मग तुमचं कधी फ्री होणार?"

"मी गेल्यावर 60 वर्षांनी."

पलीकडे जरा शांतता. "सॉरी मॅडम."

मीही फार आवाज चढवला नाही. माझ्या टॅबमध्ये कुणीकुणी पाठवलेली तीन स्कॅन पुस्तकं पडून आहेत. तिन्ही दुकानात विकत मिळतात.

त्याने नाव घातलं, चार ओळी काढल्या. पाण्याची टाकी तशीच आहे.

फॉरवर्डचं मात्र काय करणार? ते कुठून निघालं आणि आता कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, हे सांगणार कोण आणि तक्रार करायची कुणाकडे? मंगळवारी तोच लेख, चार ओळींसकट, कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आला. या वेळी लेखक अज्ञात नव्हता. खाली मराठीतल्या एका फार मोठ्या, दिवंगत लेखकाचं नाव होतं.

मी अजून हरकत घेतलेली नाही.