डावा माणूस काळ्या दिनाला का जातो?

१ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, बेळगावातले मराठी भाषिक काळा दिन पाळतात आणि निषेधाची सायकल फेरी काढतात. डावे असूनही तुम्ही त्या फेरीत भगव्या झेंड्यांच्या मागून कसे चालता, असे मला बेळगावातले कॉम्रेड विचारतात आणि पुण्याचे स्नेहीही विचारतात. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, त्याच पक्षाचे एन. डी. पाटील अखेरपर्यंत सीमाप्रश्नासाठी झटले, हे पुन्हा पुन्हा सांगण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

२०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ३० ऑगस्टला धारवाडमध्ये कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गी यांची राहत्या घरी हत्या झाली. त्या वर्षी दोघांची नावे एकाखाली एक लिहिलेला पुठ्ठा घेऊन मी फेरीसाठी बेळगावच्या संभाजी उद्यानापाशी सायकल लावली. मला लहानपणापासून ओळखणारे एक कार्यकर्ते तो वाचून म्हणाले, "पानसरे असू देत की, ते आपले. हे कलबुर्गी कशाला आज?" मी ऐकत नाही असे पाहून त्यांनी पुठ्ठा माझ्या हातातून घेतला, खालचे नाव आत जाईल असा दुमडला आणि माझ्याच कॅरिअरला नीट अडकवून दिला. मागच्या पोरांनी हसत घंट्या वाजवल्या. मी फेरी सोडली नाही.

का सोडली नाही? महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला म्हणून २००५ साली लोकांनी निवडून दिलेली बेळगाव महापालिका कर्नाटक सरकारने बरखास्त केली. २०१४ साली बेळगावजवळच्या येळ्ळूरमध्ये 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या एका फलकावरून पोलिसांच्या लाठ्या चालल्या. याला दडपशाही म्हणायचे नसेल, तर तो शब्द डाव्यांनी वापरूच नये. दडपलेल्यांचा राष्ट्रवाद वेगळ्या मापाने मोजावा, असे मी तरुणपणी हिरिरीने मांडत असे आणि ते मला आजही पटते. मात्र पुठ्ठा दुमडणाऱ्यांच्या हाती उद्या पोलीस ठाणे आले तर काय, हे माझ्यातल्या त्या तरुणाने कधी विचारले नव्हते. विचारले असते, तर आधी लाठी थांबू द्या, मग बघू, असे तो म्हणाला असता, आणि त्याला द्यायला माझ्यापाशी अजूनही उत्तर नाही.

कॉम्रेड म्हणतात, त्यापेक्षा मे दिनाला या. मी तिथेही जातो. तिथे कलबुर्गींचे नाव मोठ्याने घेता येते, पण बरखास्त महापालिकेचा विषय काढला की सगळे चहाकडे वळतात.