आमची वाटचाल : पावणं, उठा की!

हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून जीव कसा वाचवायचा (सीपीआर) हे शिकवणारी फर्म काढण्याआधी मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागात ब्रदर होतो. पेशंट आत घेताना घरच्यांना विचारायचो, काय काय केलंत? तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, तळपाय चोळले, रिक्षा शोधली. छाती दाबली असं कोणी सांगत नव्हतं. हृदय थांबलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात 108 ची गाडी राजारामपुरीतल्या चौथ्या मजल्यावर पोचेलच असं नाही. जे करायचं ते घरातल्याच कोणीतरी करायला हवं, आणि ते शिकवायला आमच्याकडं कोणी नव्हतं. नोकरी सोडली, बायकोच्या नावावर फर्म काढली. ती हिशेब बघते, मी सरावाच्या बाहुल्या उचलतो.

पोट भरलं ते कारखान्यांनी. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यातल्या कलम 45 प्रमाणे दर 150 कामगारांमागं एक प्रथमोपचार पेटी लागायची, आणि ती सांभाळायला प्रमाणपत्र असलेला माणूस. ते प्रमाणपत्र सरकारमान्य लागायचं, ते आम्ही देत नाही. आम्ही हात तयार करून देतो. ऑडिट जवळ आलं की शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून फोन येतात. एका मॅनेजरसाहेबांनी साठ माणसं, एक तास आणि फोटो चांगले काढा, एवढंच सांगितलं. त्यांना नाही म्हणालो. साठ जणांत एका बाहुलीला प्रत्येकी मिनिटभर हात लागणार, त्यात कोण काय शिकणार? बाकीच्यांची बिलंही तीन-तीन महिने अडकतात, तरी गल्लीतले वर्ग याच पैशांवर चालतात. तिथं माणशी शंभर रुपये म्हटलं की उत्तर ठरलेलं: “यूट्यूबवर फुकट आहे की ओ!”

आहे खरं. पण बघून छाती दबत नाही. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर येऊ द्यायची. एका तालमीत वर्ग घेतला तेव्हा दंड थोपटत आलेला पैलवान कोपरं वाकवून नुसत्या हातांच्या ताकदीवर दाबत होता. मिनिटाभरात धापा टाकायला लागला. त्याच्यानंतर तालमीची झाडलोट करणाऱ्या मावशी बसल्या. पदर खोचला, कोपरं ताठ ठेवली, खांदे बाहुलीच्या छातीवर आणले आणि अंगाचा भार सोडला. दाब पुरेसा झाला की होणारी बाहुलीतली क्लिक दर वेळी वाजत होती. पैलवान बघतच राहिला.

बाहुलीला आमच्याकडं सगळे ‘पावणं’ म्हणतात. खांदे थोपटून “पावणं, उठा की!” असं ओरडायचं, प्रतिसाद नाही म्हटलं की बोट दाखवून एकालाच सांगायचं: “निळा शर्ट, तुम्ही 108 लावा, स्पीकरवर ठेवा.” “कोणीतरी फोन करा” म्हटलं तर कोणीच करत नाही. सगळ्यात जास्त वेळ जातो तो आचक्यांवर. हृदय थांबल्यावरही काही जण मधूनच घोरल्यासारखा आवाज काढतात. नातेवाईक म्हणतात श्वास चालू आहे, आणि हात आखडतात. तो आवाज मी स्वतः काढून दाखवतो. मुलं हसतात, हसू देत.

“बरगडी मोडली तर?” हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. मोडू शकते. ती जुळते. दुसरी भीती पोलिसांची. अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, यासाठीच्या नियमांना सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये मान्यता दिली आणि 2019 च्या दुरुस्तीनं तसं संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आलं. हे सांगितलं की मागच्या रांगेतली माणसं पुढं सरकतात.

तोंडाला तोंड लावायचं म्हटलं की आधी अर्धा वर्ग मागं व्हायचा. 2017 मध्ये भूलतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं सामान्य लोकांसाठी नुसती छाती दाबण्याची पद्धत मांडली, आमचं काम सोपं झालं. पण रंकाळा आणि पंचगंगा असलेल्या गावात बुडालेल्यांना श्वासही द्यावा लागतो, म्हणून तरुण मंडळांच्या पोरांना 30 दाब आणि 2 श्वास हेही घोटून घेतो.

माझं एक मत कारखानदारांना आवडत नाही: सहा महिन्यांनी पुन्हा अर्धा तास सरावाला बसलंच पाहिजे. हात विसरतात. सोसायट्यांत त्या अर्ध्या तासाचे पैसे घेत नाही. कारखान्यांकडून घेतो, आणि घासाघीस ऐकून घेतो. हृदयाला मशीननं शॉक देण्याचा सराव खोट्या मशीनवर होतो, खरं विकत घ्यायचं तर हिशेब बघणारी अजून मान हलवत नाही.

सध्या शनिवारी संध्याकाळी खुला वर्ग असतो. येताना जुनी सतरंजी आणा, फरशीवर गुडघे दुखतात.