आमची वाटचाल : बहार, आंबिया आणि आम्ही

नागपूरच्या धरमपेठेत गाळा घेऊन आम्ही ऑन्टॉलॉजीच्या, म्हणजे एखाद्या विषयातल्या संज्ञा आणि त्यांचे संबंध संगणकाला कळतील असे मांडणाऱ्या फायलींच्या, आवृत्त्या सांभाळण्याचे काम सुरू केले, तेव्हा अशा कामाचे पैसे मिळतात यावर घरमालकाचाही विश्वास नव्हता. प्रोटेजे (ऑन्टॉलॉजी लिहिण्यासाठी), गिट (फायलींतले बदल नोंदवण्यासाठी) आणि रोबोट (ऑन्टॉलॉजीच्या फायली हाताळण्यासाठी) या संगणकीय साधनांवर पुढची वर्षे बरी गेली. लिहायचे आहे ते संत्र्याच्या ऑन्टॉलॉजीविषयी.

ते काम आमच्याकडून काढून, दर कमी म्हणून, एका मोठ्या कंपनीला देण्यात आले. आमच्या मांडणीत ‘बहार’, म्हणजे संत्र्याच्या फुलोऱ्याचा हंगाम, हा एकच वर्ग होता. जून-जुलैत फुलणारा मृग आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया, दोन्ही त्यातच येत. नव्या मंडळींनी ते वेगळे केले, हे रास्तच होते. मात्र जुन्या ‘बहार’च्याच आयआरआयला (वर्गाची वेब-पत्त्यासारखी एकमेव ओळख) त्यांनी ‘आंबिया’ हे लेबल चिकटवले, मृगासाठी नवा आयआरआय काढला आणि चालू फाइल जागच्या जागी बदलली. परिणामी ज्यांनी ठरावीक आवृत्तीचा नव्हे तर नेहमी चालू फाइल देणारा पत्ता आयात केला होता, त्या सर्वांच्या नोंदींत फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडलेला मृगाचा मालही आंबिया ठरला. फाइलच्या मथळ्यात निर्माते म्हणून आमचेच नाव असल्याने बोल आम्हाला लागला, ग्राहक तुटले आणि पगार थकले.

टिकले ते कळमन्याचे एक व्यापारी, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. आमच्या आग्रहावरून त्यांनी आवृत्तीचा आयआरआय आयात केला होता, त्यामुळे त्यांच्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या. रोबोटच्या डिफने काढलेला दोन फायलींमधला फरक भाऊंनी छापून घेतला, लेबल बदललेल्या ओळीवर लाल शाईने खूण केली आणि तो कागद स्वतः बैठकीत ठेवला.

या धंद्यात येणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, २००९ च्या आउल २ या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेत आवृत्तीच्या आयआरआयची सोय असली तरी ‘मागील आवृत्तीशी सुसंगत’ ही नोंद केवळ टिपण असते, रीझनर, म्हणजे मांडणीतून निष्कर्ष काढणारी प्रणाली, तिची शहानिशा करत नाही. अर्थ बदलला की नवा आयआरआय काढावा. जुना पुसू नये, वापर बंद करायचा असेल तर तशी खूण करून पर्यायाकडे बोट दाखवावे.

काम पुढे आमच्याकडे परत आले. जुना ‘बहार’ मूळ अर्थासह उभा करून आम्ही मृग आणि आंबिया, दोघांनाही स्वतंत्र आयआरआय देऊन त्याचे उपवर्ग केले. त्या कंपनीच्या माहितीपत्रकात संत्र्याचे हे काम ‘यशस्वी प्रकल्प’ म्हणून अजूनही छापले जाते.