म्युलूजमध्ये भेटलेलं मालगाडीचं इंजिन

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलहून म्युलूजला रेल्वेने चटकन पोचता येतं, आणि तिथल्या स्टेशनासमोरून ट्राम थेट 'सिते द्यु त्रँ'पर्यंत नेते. फ्रान्समधलं हे सगळ्यात मोठं रेल्वे संग्रहालय. आत शिरल्यावर गर्दी असते ती '232 यू 1' या एक्स्प्रेस इंजिनाभोवती, कारण त्याची चाकं फिरवून दाखवतात. ते देखणं आहेच. पण मी आलो होतो '150 पी 13' बघायला: 1930च्या दशकातल्या घडणीचं, मालगाड्या ओढणारं कंपाउंड इंजिन.

कंपाउंड म्हणजे एकाच वाफेकडून दोनदा काम करून घेणं. गुऱ्हाळात उसाचं चिपाड पुन्हा चरकात घालतात, तसंच हे. बॉयलरची ताजी वाफ आधी उच्च दाबाच्या लहान सिलिंडरात दट्ट्या ढकलते. साध्या इंजिनात ती यानंतर धुराड्यातून निघून जाते. इथे मात्र ती मोठ्या, कमी दाबाच्या सिलिंडरात जाऊन आणखी प्रसरण पावते. अभियंता आनातोल माले यांनी 1876 मध्ये फ्रान्समधल्या बायोन-बियारित्झच्या छोट्या रेल्वेवर हे चालवून दाखवलं. पुढे अभियंते आल्फ्रेड द ग्लेन आणि नोर या उत्तर फ्रान्समधल्या रेल्वे कंपनीचे गास्ताँ द्यु बुस्के यांनी चार सिलिंडरांची रचना रुजवली. द ग्लेन याच म्युलूजच्या कारखान्यात होते, आणि त्यांचं 1885च्या सुमाराचं 701 क्रमांकाचं इंजिनही इथेच जपलंय.

कंपाउंडचं कौतुक नेहमी वेगवान गाड्यांच्या नावाने होतं. मला वाटतं, त्याचा खरा कस मालगाडीतच लागला. फ्रान्सला कोळसा पुरत नसे, बाहेरून आणावा लागे. उत्तरेतल्या खाणींमधून पॅरिसकडे जाणाऱ्या जड गाड्या ओढताना इंजिनाने स्वतः किती कोळसा खायचा, हा हिशेबाचा प्रश्न होता. म्हणूनच द्यु बुस्के यांनी 1905 मध्ये खास कोळशाच्या गाड्यांसाठी चाकांच्या दोन वळणाऱ्या चौकटींचं, पाणी स्वतःवरच वाहणारं कंपाउंड 'टँक' इंजिन आणलं. नोरचं 150 पी 1933 पासूनचं. नावातले आकडे धुऱ्यांचे आहेत: पुढे एक छोटा, मग ओढणारे पाच, मागे शून्य. अशी 115 इंजिनं बांधली गेली.

जवळ गेल्यावर जाणवतं ते चाकांचं ठेंगणेपण, कारण इथे वेगापेक्षा ओढ महत्त्वाची. बाहेरून दोनच सिलिंडर दिसतात. उरलेले दोन चौकटीच्या आत आहेत. वाकून चाकांमधून बघितलं की कळतं, आतल्या दांड्यांना तेल घालायला माणसाला किती अडचणीत शिरावं लागत असेल. ड्रायव्हरलाही उच्च आणि कमी दाबाच्या सिलिंडरांत वाफ किती घ्यायची, हे वेगवेगळं ठरवता येई. हे इंजिन मुरलेल्या हातांसाठीच होतं.

आणि तिथेच ते मागे पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने अमेरिका आणि कॅनडातून 1,340 '141 आर' इंजिनं मागवली. त्यातली 17 जहाजातून येताना समुद्रात बुडाली. ही दोन सिलिंडरांची, साधी इंजिनं. कुठल्याही ड्रायव्हरच्या हाती द्यावीत अशी. फ्रान्सची स्वतःची '141 पी' कंपाउंड होती, 318 बांधली होती आणि ती कोळसा-पाणी कमी घेत. तरी त्यातलं एकही आज शिल्लक नाही. '141 आर' मात्र अनेक जपलेत, काही चालतातसुद्धा.

सर्वांत चटका लावतं '160 ए 1'. फ्रेंच अभियंता आंद्रे शापलाँ यांनी जुन्या मालगाडीच्या इंजिनातून सहा सिलिंडरांचं, ओढणाऱ्या सहा धुऱ्यांचं हे यंत्र घडवलं. कमी वेगात, जड ओझ्याखालीही कंपाउंडची काटकसर टिकावी, म्हणून दोन टप्प्यांच्या मध्ये वाफ पुन्हा तापवली. 1940 मध्ये ते पूर्ण झालं, युद्धानंतर चाचण्याही झाल्या. पण तोवर विजेचे आणि डिझेलचे दिवस आले होते. त्याच्यासारखं दुसरं बांधलं गेलं नाही, 1955 मध्ये ते मोडीत काढलं. म्युलूजच्या संग्रहालयात त्याला जागा मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर आधी कापून दाखवलेलं 'बाल्टिक', म्हणजे 232 रचनेचं इंजिन बघा. बॉयलरच्या नळ्या, सिलिंडर, सगळं उघडं दिसतं. मग 150 पीपाशी या.