दीड मिनिटाचे तेहतीस बार

अंदमानात हॅवलॉक बेटावर स्कूबा डाइव्हिंगसाठी आलेल्या पाहुण्यांचा पहिल्याच संध्याकाळी ठरलेला प्रश्न असतो, “किती खोल नेणार?” मी उलट विचारतो, “आज टाकीत हवा किती उरली होती?” बऱ्याच जणांना आठवत नाही. ज्यांना आठवतं त्यांच्याशी पुढचं बोलणं सोपं जातं.

मी मूळचा तारकर्लीकडचा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाच-सहा मीटरवर पर्यटकांना हात धरून मासे दाखवण्यापासून सुरुवात केली. त्या खोलीवर हवेचा हिशेब मांडत बसावं लागत नाही. माणसागणिक दहा मिनिटं धरली तर एका टाकीत चार-पाच जणांची फेरी सहज होते. अंदमानात आल्यावर मात्र डिक्सन्स पिनॅकलसारख्या जागा रोजच्या कामात आल्या. बोटीने तास-दीड तास जायचं, आजूबाजूला किनारा नाही, खडकाचा माथाच १८ मीटरवर आणि उतार तिशीच्या पार. इथे पाटी-पेन्सिल लागतेच.

एका मार्चमध्ये पुण्याचं एक जोडपं आलं होतं, पंचेचाळिशीतलं. दोघांकडे अॅडव्हान्स्डचं कार्ड, म्हणजे ३० मीटरपर्यंत जायला मोकळीक. साहेब कारखान्यात इंजिनीअर, अंगाने भक्कम. मॅडम बँकेत, शरीराने शिडशिडीत आणि पाण्यात एकदम संथ. मी मालवणचा म्हटल्यावर त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत ‘अरे’वर आणलं आणि सोलकढीची चौकशी सुरू केली.

डिक्सन्सच्या आदल्या दिवशी आम्ही लाइटहाउस नावाच्या जागी डाइव्ह केली होती. सरासरी खोली १२ मीटर, वेळ ३० मिनिटं. साहेबांच्या टाकीतला दाब २०० बारवरून ५० वर आला, मॅडमच्या टाकीतला १२० वर. आमच्याकडच्या अॅल्युमिनियमच्या टाकीत पाण्याच्या मापाने ११.१ लिटर जागा असते, म्हणून दाब दाखवणाऱ्या गेजवरचा एक बार म्हणजे ११.१ लिटर हवा. (हवाच. बातम्यांत कायम ‘ऑक्सिजन सिलिंडर’ छापून येतं. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी सहा मीटरच्या बरंच खाली गेलं तर पाण्यात झटके येऊन बुडण्याची वेळ येईल.) साहेबांनी १५० बार वापरले, म्हणजे १,६६५ लिटर. भागिले ३० मिनिटं, साडेपंचावन्न. बारा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या २.२ पट, म्हणून भागिले २.२. उत्तर मिनिटाला २५ लिटर. मॅडमचं आलं साडेतेरा.

आता हेच आकडे डिक्सन्सला न्यायचे. २८ मीटरवर दाब ३.८ बार. साहेबांना तिथे मिनिटाला ९५ लिटर लागणार, म्हणजे साडेआठ बारांहून जरा जास्त. गेजचा काटा हलताना दिसतो, इतका वेग आहे हा.

मग येतो खरा आकडा, तळ कधी सोडायचा याचा. बहुतेकांच्या डोक्यात एकच बसलेलं असतं: बोटीवर ५० बार घेऊन यायचं. ठीक आहे, पण तो वर पोहोचल्यावरचा आकडा झाला. २८ मीटरवर एकाची हवा गेली आणि दोघांना एकाच टाकीवर यायचं झालं, तर किती हवी? घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर धरू, दोघांचे ६०. तळाशी सावरायला एक मिनिट: ६० गुणिले ३.८, २२८ लिटर. मिनिटाला दहा मीटरच्या वेगाने पाच मीटरपर्यंत वर यायला सव्वादोन-अडीच मिनिटं: अंदाजे ३६६. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे अंगातला नायट्रोजन निघायला थांबणं: २७०. शेवटच्या पाच मीटरांना ७५. बेरीज ९३९ लिटर, म्हणजे ८५ बार. मी पाटीवर ९० लिहिले. माथ्यावर, १८ मीटरला आलो की हाच आकडा ६०-६५ वर उतरतो, त्यामुळे उरलेली डाइव्ह तिथे काढायची.

साहेबांनी पाटी हातात घेतली. “मी २५ घेतो, ही साडेतेरा. बेरीज साडेअडतीस. तू ६० कुठून आणलेस?”

“हवा संपली की साडेतेराचं माणूस साडेतेरा राहत नाही, सर.”

“आणि माझा डाइव्ह कॉम्प्युटर या खोलीवर वीसेक मिनिटं देतो. तू मला अकराव्या मिनिटाला वर काढतोयस.”

त्यांचं म्हणणं आकड्यांपुरतं बरोबर होतं. ३० मीटरला नायट्रोजनची मर्यादा, म्हणजे तो अंगात फार विरघळायच्या आत वर निघायची वेळ, जुन्या छापील तक्त्यांतही २० मिनिटं आहे. पण कॉम्प्युटर नायट्रोजन मोजतो. उतरतानाचे १५ बार आणि मागे ठेवायचे ९० वजा केले, तर २०० पैकी तळाशी खर्चायला ९५ उरतात आणि ते यांच्या छातीला अकरा मिनिटं पुरतात. भक्कम माणसांचं असंच होतं, नायट्रोजनची वेळ येण्याआधी हवा संपते. मॅडम एवढंच म्हणाल्या, “माझ्याकडे भरपूर उरणार आहे, लागली तर माझी घे.” आम्ही तिघे हसलो.

सकाळी समुद्र तेलासारखा होता. बोटीचा कॅप्टन मायाबंदरकडचा करेन. १९२५ साली ब्रह्मदेशातून आणून वसवलेल्या करेन मंडळींच्या वंशातला. तो बोयाजवळ आला, पाण्यात बघितलं, आणि नुसता हात आडवा फिरवला. वर शांत, खाली ओढ आहे. दोर धरून उतरायचं ठरलं. टाक्या उन्हात २१० दाखवत होत्या. पाण्यात गार होऊन २०० वर येणार हे गृहीत धरलेलंच होतं, नवखी माणसं या दहा बारांवर उगाच खूश होतात. मॅडमचा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, त्यांचा स्वतःचा होता. बोटीवर गेजकडे बघत चार-पाच श्वास घेऊन तपासला. काटा स्थिर, कुठे सूं नाही, बुडबुडा नाही.

उतरलो. पाणी २८ अंश, पंचवीसेक मीटर लांबचं दिसत होतं. नवव्या मिनिटाला मी गेज विचारलं. साहेबांनी बोटांनी सांगितलं, एकशे दहा. मॅडम, एकशे पन्नास. दोन मिनिटांनी वळायचं होतं. माथ्याकडे बॅराकुडांचा थवा आला म्हणून मी तिकडे बोट केलं, आणि मागून धबधब्याचा आवाज आला.

मॅडमचा रेग्युलेटर सुटला होता, म्हणजे हवा आपोआप वाहत होती, थांबत नव्हती. तोंडातून हवेचा लोट, चेहरा बुडबुड्यांत गायब. अशा सुटलेल्या रेग्युलेटरवरसुद्धा ओठांच्या कडेने हवा घेता येते. ओपन वॉटरच्या, म्हणजे पहिल्या कोर्समध्ये अर्धा मिनिट करूनही घेतात. पण २८ मीटरवर कानाशी तो आवाज चालू असताना कोर्स आठवणं अवघड. त्यांनी तो थुंकला आणि नवऱ्याचा पिवळा ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला द्यायचं जादा तोंडाचं टोक, ओढला. तो क्लिपमधून लगेच सुटेना. सुटला तो उलटा तोंडात गेला, पाणी आलं, खोकल्या. साहेबांनी एका हाताने त्यांच्या बीसीडीचा (हवा भरायच्या जॅकेटचा) पट्टा धरला आणि दुसऱ्याने ऑक्टोपस सरळ करून बटण दाबलं. हे त्यांनी फार छान केलं. मी पोहोचलो तेव्हा मॅडमचा श्वास सुरू झाला होता, पण छाती भात्यासारखी चालली होती.

माझ्या टाकीत १४५ होते. माझा ऑक्टोपस द्यावा का, हे तिथे एका क्षणात ठरवायचं होतं. नाही दिला. नुकतंच तोंडात बसलेलं काढायला लावणं म्हणजे पुन्हा तोच गोंधळ. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन त्यांच्या टाकीचा नॉब बंद केला, आवाज थांबला. आवाज थांबला की अर्धी भीती कमी होते, हे मी या कामात शिकलोय. मग ‘ठीक?’, ‘ठीक’, आणि ओढीच्या उलट दहा मीटरवरच्या दोराकडे तिघे एकमेकांना धरून.

वर येताना मी माझा ऑक्टोपस हातात धरून, साहेबांच्या गेजवर नजर ठेवून होतो. पाच मीटरवर आलो तेव्हा त्यांच्यात ३२ उरले होते. नायट्रोजनच्या हिशेबाने थांबणं सक्तीचं नव्हतं. हवा नसती तर मी सरळ वर काढलं असतं. पण माझी होती, आणि आता मॅडम डोळ्यांत डोळे घालून बघू शकत होत्या. तिथे मी त्यांना माझ्या ऑक्टोपसवर घेतलं. त्या वर वर सरकायला लागल्या. मोकळी झालेली अॅल्युमिनियमची टाकी पाण्यात तरंगू बघते. त्यांच्या टाकीतून ९० बार, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास हवा भसकन गेली होती. तीन मिनिटं मी त्यांना पट्ट्याने खाली ओढून धरलं. साहेब २० बार घेऊन बोटीवर आले. मॅडमच्या टाकीचा नॉब उघडला तर ६० शिल्लक. जिच्याकडे ‘भरपूर उरणार’ होतं, तिचेच ते ६० कोणाच्या कामी आले नाहीत.

बोटीवर त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, सांधे, मुंग्या, चक्कर असं सगळं विचारून घेतलं. नायट्रोजनचा त्रास निघाला तर उपचाराचं दाबाचं चेंबर पोर्ट ब्लेअरला, नौदलाच्या रुग्णालयात. मधे समुद्र आहे, त्यामुळे हे प्रश्न मी घाईत उरकत नाही. काही नव्हतं. दुसरी डाइव्ह रद्द केली.

संध्याकाळी साहेब स्वतःच लॅपटॉप घेऊन दुकानात आले. त्यांच्या टाकीला ट्रान्समीटर होता, त्यामुळे दाबाचा आलेख सेकंदासकट नोंदला गेला होता. रेग्युलेटर सुटला तेव्हा १०८. तळ सोडला तेव्हा ७५. तेहतीस बार, दीड मिनिटात. आम्ही भागाकार केला: पृष्ठभागाच्या मापाने दोघांचे मिनिटाला ६४ लिटर. म्हणजे श्वासाचा माझा ६० चा अंदाज जवळजवळ लागला होता. वर येतानाचे ४३ बार काढले, तर बरोबर ६०.

साहेब बराच वेळ आलेखाकडे बघत होते. मग म्हणाले, “लिटर नाही, मिनिटं चुकतायत.” अगदी तेच. पाटीवर सावरायला एक मिनिट होतं, लागलं दीड. वर यायला सव्वादोन-अडीच होती, ओढीत दोर धरून तीन लागली. मॅडम शेवटपर्यंत त्यांच्याच टाकीवर राहिल्या असत्या तर वर पोहोचताना पाचसुद्धा उरले नसते, आणि तेही १०८ वर सुरुवात झाली म्हणून. नव्वदवर झाली असती तर स्टॉप सोडून यावं लागलं असतं. आणि साहेबांच्या आवडत्या ५० वर? त्यांनीच करून बघितलं: ५५५ लिटर, पैकी ३६६ तळाशीच खलास, उरलेल्या १८९ वर वीस मीटरच्या आसपासपर्यंत. पुढे दोन माणसं आणि शून्य.

रेग्युलेटर आमच्या दुरुस्तीवाल्या पोराने दुसऱ्या दिवशी टेबलावर उघडला. फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे टाकीवर बसणाऱ्या भागात, मसुराएवढी प्लास्टिकची सीट असते, टाकीचा दोनशे बारचा दाब तिच्यावर अडतो आणि पुढे नऊ-दहा बार जातात. तिच्यावर गोल खाच पडली होती. बंद होताना ती नीट बसत नव्हती, पुढचा दाब हळूहळू चढत होता, आणि चढता चढता दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह त्याने ढकलून उघडला. चार श्वासांत हे दिसत नाही. आता बाहेरून आलेल्या रेग्युलेटरला आम्ही दाबाचं छोटं गेज लावून पाच मिनिटं तसंच ठेवतो. काटा सरकला तर भाड्याचा घ्या म्हणतो. लोक नाराज होतात.

पाटीवरचा आकडाही बदलला. अनोळखी जोडी आणि ओढ असेल तर मी तळाशी दीड मिनिट आणि दोघांचे ७० लिटर धरतो, वर यायला तीन मिनिटं आणि तिथून पुढे पूर्वीचेच ६० लिटर. २८ मीटरला बेरीज १,२२१ लिटर, ११० बार. माझा सहकारी म्हणतो, एवढं मागे ठेवलंस तर त्या साहेबांसारख्या माणसाला तळाशी नऊ मिनिटंसुद्धा मिळणार नाहीत, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जातं कधी कधी. हिशेबाने त्या माणसाला पंधरा लिटरची टाकी हवी: तेवढीच हवा राखून त्याला तळाशी सतरा मिनिटं मिळतात. आमच्याकडे तशा टाक्या नाहीत. मालकाकडे दोन मागितल्यात. तोवर डिक्सन्सला असे पाहुणे माथ्यावरच फिरतात.