आगरवाड्याच्या मिठागरावर तिसरीचा भागाकार
आज भाचीला घेऊन पेडण्यात आगरवाड्याला गेलेलो मिठागर बघायला, तिसरीत आहे ती, शाळेत बाष्पीभवन शिकवलंय त्यांना. तर बांधावर उभं राहून विचारते, मामा पाणी उडून जातं मग मीठ का नाय उडत?? आता वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ खालीच राहतं, हे वाक्य पुस्तकात आहेच पण समोर फळीने पांढरं मीठ ओढून ढीग लावताना बघितलं की वेगळंच पटतं.

मग मी म्हटलं, समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, एक किलोला किती लिटर पाणी लागेल सांग. भागाकार अजून नीट येत नाही तिला, पण पठ्ठीने 35-35 मिळवत, दहा लिटरचे 350, वीसचे 700, तीसचे 1050, "म्हणजे तीसपेक्षा थोडं कमी!" अहो हाच तर भागाकार, मांडणीच्या रेघा नंतर शिकवल्या तरी चालतील की (माझं मत, शिक्षक मंडळींनी रागावू नये 😄)

येताना दोन किलो मीठ घेतलं, आता घरी अंडं तरंगवायचंय म्हणते, नुसत्या समुद्राच्या पाण्यात ताजं अंडं बुडतंच, त्यामुळे मीठ भरपूर लागणार.