काखेतली गुंडाळी

दिवाळी अंकाचं पान संध्याकाळी छपाईला जायचं होतं आणि मुद्रितं माझ्याकडे आली दुपारी. चित्रओळ अशी: ‘वॉशिंग्टन शहर पेटलं असताना डॉली मॅडिसन यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचं तैलचित्र कापून वाचवलं.’ डॉली म्हणजे तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या पत्नी. चित्रात बाईंच्या हातात सुरी, काखेत गुंडाळी.

अडलं ते गुंडाळीशी. वॉशिंग्टन यांचं ते तैलचित्र पूर्णाकृती, जवळपास आठ फूट उंच नि पाच फूट रुंद. काखेत मारून पळण्यासारखं नव्हेच.

मग डॉलीबाईंचं बहिणीला लिहिलेलं पत्र काढलं. २४ ऑगस्ट १८१४, अमेरिका-ब्रिटन युद्ध चालू, ब्रिटिश सैन्य व्हाइट हाउसच्या दाराशी येत होतं. चौकट भिंतीला स्क्रूंनी पक्की बसवलेली, ती सोडवण्यात फार वेळ जात होता, म्हणून ती फोडून कॅनव्हास काढायला सांगितलं, असं त्यात आहे. सुरीचा उल्लेख नाही. शिवाय आज मिळतं ते मूळ पत्र नव्हे. बाईंनीच बऱ्याच वर्षांनी, स्वतःच्या चरित्रलेखासाठी केलेली नक्कल. तेवढ्यावर विसंबणं धोक्याचं.

दुसरा साक्षीदार पॉल जेनिंग्ज. मॅडिसनांचा गुलाम, तेव्हा पंधरा वर्षांचा. त्या दुपारी जेवणाचं टेबल त्यानंच मांडलं होतं. १८६५च्या आठवणींत तो साफ सांगतो: बाईंनी चित्र नेलं नाही, तेवढा वेळच नव्हता, उतरवायला शिडी लागली असती. ते उतरवलं द्वारपाल सूसा आणि माळी मॅग्रॉ यांनी. बाईंनी बटव्यात कोंबली ती चांदी. चित्र पुढे कुणी नेलं याबद्दल दोघांचं जमत नाही. पत्रात न्यूयॉर्कचे दोन गृहस्थ, जेनिंग्जच्या आठवणींत ते गाडीतून पाठवलेलं. पण बाईंनी स्वतः कापलं, असं दोघंही म्हणत नाहीत. हुकूम त्यांचा, हात दुसऱ्यांचे. सैन्य दाराशी असताना तो हुकूम सुचणं हेही थोडंथोडकं नव्हे.

लेखात ‘दयाळू मालकीण’ असाही शब्द होता. तो मी सरळ खोडला. १८४६ मध्ये बाईंनी जेनिंग्जला २०० डॉलरना विकलं. पुढच्या वर्षी सिनेटर डॅनियल वेब्स्टर यांनी त्याला १२० डॉलर देऊन सोडवलं, ती रक्कम त्यानं महिना आठ डॉलरप्रमाणे काम करून फेडायची होती. आणि बाईंच्या अखेरच्या ओढगस्तीत आपल्या खिशातून त्यांना अधूनमधून थोडे पैसे दिल्याचं हाच माणूस लिहितो.

चित्रकारानं कुरकुरत सुरी नि गुंडाळी पुसली, शिडी आणि दोन माणसं रेखाटली. टेबलाशी पोरगा मात्र मी हट्टानं रेखाटायला लावला.